चळत सरळ राहावी म्हणून

तिचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. गजर तिने कधी लावला नाही. पाणी तापवायचं, नवऱ्याचा डबा भरायचा, आपला भरायचा, आणि पाचच्या आत लॉन्ड्रीचं कुलूप काढायचं. किल्ली तिच्याकडे असायची. मालकाने विश्वासाने दिली होती असं नाही. सगळ्यांच्या आधी तीच यायची आणि थंडीत दाराबाहेर उभी राहून मुकादमाच्या नावाने बोटं मोडायची. शेवटी कंटाळून मुकादमानेच किल्ली तिच्या हातात ठेवली.

आमची लॉन्ड्री हॉटेलांची. चादरी, अभ्रे, टॉवेल. मी इस्त्रीच्या रोलरवर होते. रोलरमधून चादर गरम बाहेर यायची, घडीच्या टेबलावर जायची, आणि त्या टेबलावर ती उभी असायची. घडीवर घडी ठेवत चळत रचायची, मग ती उचलून बोळातून कोठीच्या खोलीत न्यायची. उचलायची पद्धत ठरलेली. दोन्ही हात खालून, हनुवटी वरून टेकवलेली, आणि मधला भार छातीवर. त्या कामात छाती म्हणजे भिंत. चळत तिला टेकूनच उभी राहते.

तिची चळत कधी कलली नाही. नवरा गवंडी. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. एकदा तो तिला न्यायला आला, तिची चळत बघितली आणि म्हणाला, "ओळंबा लावल्यासारखी आहे." त्या दिवसापासून लॉन्ड्रीत तिचं नाव ओळंबाच पडलं. तोंडावर आम्ही ताई म्हणायचो.

आता बोळातल्या दोन पायऱ्यांबद्दल सांगायला हवं. लॉन्ड्री दोन इमारतींत होती. यंत्रं खालच्या इमारतीत, कोठी शेजारच्या इमारतीत, आणि ती दोन पायऱ्या उंच. दोन इमारतींचे दोन घरमालक. पायऱ्या बरोबर हद्दीवर. एक म्हणायचा त्या दुसऱ्याच्या, दुसरा म्हणायचा पहिल्याच्या. त्यामुळे तिथे उतार करायची परवानगी कोणी देऊ शकत नव्हतं, कारण पायऱ्या कोणाच्याच नव्हत्या. कोठीत चाकांची एक चांगली हातगाडी होती. ती खाली येऊ शकत नव्हती. तिच्यावर लॉन्ड्रीच्या मालकांनी कुंड्या ठेवल्या होत्या.

गवंडी दर वर्षी म्हणायचा, "अर्ध्या दिवसाचं काम आहे. सिमेंट द्या, मी करून देतो." लॉन्ड्रीचे मालक दर वर्षी म्हणायचे, "परवानगीचं बघतो."

आणि आम्ही चादरी छातीवर वाहायचो.

ज्याला चळत नेता येईना, त्याची रवानगी मळक्या खोलीत. हॉटेलांतून आलेल्या चादरी तिथे सोडवून वेगळ्या करायच्या. त्या चादरींत काय काय निघतं ते मी लिहीत नाही. पगार तोच, पण तिथून परत टेबलावर कोणी आलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. ती कशाला घाबरत असेल तर एका मळक्या खोलीला.

पंचेचाळिशीत तिला छातीचा कॅन्सर निघाला. डावी बाजू काढली. औषधं झाली, केस गेले, केस आले, आणि ती कामावर परत आली. पहिल्याच सकाळी तिने चळत उचलली, आणि चळत डावीकडे कलली. पायऱ्यांवर सगळी खाली.

मुकादम आला. वाईट माणूस नव्हता, पण त्याला वाक्यं संपवायची सवय नव्हती. "ताई, तुमची तब्येत बघता, म्हणजे आतल्या खोलीत बसून जर..."

"आठ दिवस द्या," ती म्हणाली.

त्या आठ दिवसांत तिने सगळं करून बघितलं. ब्लाउजमध्ये डावीकडे टॉवेलची गुंडाळी घातली, ती घामाने सरकली. स्पंज लावला, तो दबला. मग नवऱ्याने मनावर घेतलं. त्याने वाळू चाळली, जाड कापडाची पिशवी शिवली, उजव्या बाजूशी वजन जुळवलं. वजन कसं जुळवलं ते मी विचारलं नाही. पिशवी दोन दिवस उत्तम चालली. तिसऱ्या दिवशी शिवण उसवली, आणि टेबलापासून कोठीपर्यंत वाळूची बारीक रेघ पडली. मुकादम त्या रेघेमागून चालत कोठीत आला आणि म्हणाला, "मुंग्या नाहीत, मग हे काय..."

तेव्हा ती हॉस्पिटलात गेली आणि विचारलं की दुसरं काही बसवता येतं का. येतं, म्हणाले. सिलिकॉनची पिशवी. आधी कातडी ताणायची, मग पिशवी बसवायची, दोन खेपा. मी सोबत होते, आणि तिचा नवराही. डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड.

"हा निर्णय तुमचा स्वतःचा आहे ना? घरून कोणी आग्रह केला?"

"नाही."

"आरशात बघताना वाईट वाटतं?"

"आरशात बघायला वेळ कुठे आहे? चादरी कलतात."

"म्हणजे?"

तिने हात पुढे करून, हनुवटी खाली करून दाखवलं. डॉक्टरने नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "भिंत एका बाजूने बसली की वरचं सगळं कलतं." डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "खरंय ते." त्याने काहीतरी लिहून घेतलं. काय ते माहीत नाही, पण चादरी नक्की नसणार.

नणंदेलाही पटलं नाही. ही नणंद म्हणजे गवंड्याची धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि बातमी पातेल्यात असतानाच तिला वास यायचा. "वहिनी, या वयात हौस?" ती म्हणाली.

"हौस नाही गं. कामाचं आहे."

"सगळ्या तसंच म्हणतात."

ऑपरेशनसाठी मालकांकडून घेतलेली उचल पगारातून कापली जात राहिली, आणि चळत सरळ झाली. बारा वर्षं सरळ राहिली. त्या बारा वर्षांत तिच्या हातून किती चादरी गेल्या त्याचा हिशोब कोणी ठेवला नाही. मी एवढंच सांगेन की कोठीच्या दारात तिच्या खांद्याच्या उंचीला भिंतीचा रंग घासून गेला होता, कारण चळत घेऊन वळताना ती खांदा तिथेच टेकवायची.

मग एका वर्षी तिच्या नडग्यांवर लाल गाठी आल्या. बोट लावलं तरी कळ जायची. संध्याकाळी कणकण. घोटे आणि गुडघे सुजायचे. पायाचं आहे, ती म्हणाली, उभं राहून होतं. पण उभ्या आम्ही सगळ्याच होतो. मग डाव्या काखेत गाठ लागली. हात चळतीखाली जाईना. तिने चळती लहान केल्या आणि खेपा वाढवल्या. मी रोलरवरून बघत होते. दिवसाचं काम तेवढंच होत होतं, चालणं दुप्पट. एका सकाळी पायरीवर तिचा हात सुटला. एकच अभ्रा पडला. तिने तो उचलला नाही, नुसती बघत राहिली. मग मी तिला ओढून हॉस्पिटलात नेलं.

तिथे आधी म्हणाले टीबी. मग म्हणाले टीबी नाही. मग काखेतली गाठ दाबून, जुने कागद बघून, सगळे हळू आवाजात बोलायला लागले. हळू आवाजाचा अर्थ आम्हाला कळत होता. गाठीचा तुकडा तपासायला दिला. उत्तर यायला दोन आठवडे लागणार होते.

दोन आठवडे थांबायला कोणी तयार नव्हतं.

नणंद दुसऱ्याच दिवशी आली. बसली, पदराने डोळे टिपले, आणि कपाटाकडे बघून म्हणाली, "हे आता इथे कोण वापरणार?" कपाट शिसवी होतं. ताई म्हणाली, "ने." खरंच म्हणाली का चिडून म्हणाली, ते नणंदेने विचारलं नाही. संध्याकाळी दोन माणसं आली आणि कपाट गेलं. कपडे पलंगावर राहिले. घडी घालून, अर्थात.

लॉन्ड्रीत मालकांनी निरोप समारंभ ठेवला. रोलर बंद केला. इतक्या वर्षांत तो कामाच्या दिवशी कधी बंद झाला नव्हता. मालकांनी भाषण केलं. ते म्हणाले की ओळंबाताई होत्या म्हणून आमच्या चादरींना नाव होतं. "होत्या" हा शब्द त्यांनी बऱ्याच वेळा वापरला. ती समोर पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. भेट म्हणून हातांची, गादीची खुर्ची दिली. मुकादम बोलायला उठला. "ताई जिथे असतील तिथे..." म्हणाला, आणि बसला.

दुसऱ्या दिवशी पाचला तिने कुलूप काढलं.

मुकादम सातला आला आणि तिला टेबलावर बघून दारातच थबकला. "ताई, तुमचा तर निरोप झाला."

"निरोप झाला. मी अजून आहे."

"पण मालकांनी भाषण..."

"चांगलं केलं. आता चादरी येऊ द्या."

खुर्ची तिने घरी नेली नाही. बोळात, पायऱ्यांपाशी ठेवून दिली. तिच्यावर कोणी बसत नव्हतं. बसलं की निरोप आपल्याला लागेल असं सगळ्यांना वाटत होतं.

माझ्याशी ती त्याबद्दल एकदाच बोलली. डबा खाताना. "अगं, मरायचं तर मरेन. पण त्याआधी त्या खोलीत नको. टेबलावरून सरळ जायचंय मला."

उत्तर आलं तेव्हा हॉस्पिटलातले सगळ्यांत मोठे डॉक्टर स्वतः आम्हा तिघांना भेटायला आले. पांढरे केस, आणि चेहरा लॉटरी लागल्यासारखा.

"कॅन्सर नाही," ते म्हणाले.

गवंड्याने खुर्चीचा हात धरला.

"पिशवी फुटली आहे. कधी फुटली ते सांगता येणार नाही, बऱ्याचदा कळतही नाही. सिलिकॉन बाहेर पाझरलं, काखेतल्या गाठीत गेलं. शरीराला ते परकं वाटतं, म्हणून शरीर त्याच्याभोवती सूज धरतं. बहुतेक बायकांत ते तिथल्या तिथेच राहतं. तुमच्या शरीराने मात्र सगळीकडे भांडण काढलंय. ताप, सांधे, नडग्यांवरच्या गाठी, सगळं त्याचंच असावं. फार दुर्मीळ आहे. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघतोय."

त्यांनी पडद्यावर सोनोग्राफी दाखवली. "हे बघा, बर्फाचं वादळ. आम्ही असंच म्हणतो याला."

तिने वाकून बघितलं. "साबण जास्त झाल्यावर ड्रममध्ये असंच दिसतं," ती म्हणाली.

"म्हणजे गळती," गवंडी म्हणाला. त्याचा आवाज मोकळा झाला होता. "आतून बुजवता येईल का? आमच्याकडे एक लेप असतो, पाण्याच्या टाकीला..."

"नाही. काढावी लागेल."

"सगळी?"

"पिशवी, तिच्याभोवतीचा पापुद्रा, आणि जमेल तेवढं सांडलेलं."

"वजनाने फुटली का?" तिने विचारलं. "चादरींच्या?"

डॉक्टर प्रामाणिक होते. "सांगता येत नाही. जुन्या झाल्या की आपोआपही फुटतात." मग ते थोडे लाजले. "एक विनंती आहे. गुरुवारी आमची सभा आहे. बाहेरगावचे डॉक्टर येणार आहेत. तुम्ही याल का? दहा मिनिटं."

गुरुवारी आम्ही गेलो. मोठी खोली, उतरत्या बाकांवर डॉक्टर, खाली एक टेबल. तिला टेबलासमोर उभं केलं आणि साडी गुडघ्यापर्यंत उचलायला सांगितलं. सगळे एकेक करून उतरले आणि वाकून तिच्या नडग्या बघून गेले. एकाने भिंग आणलं होतं. ते बसलेले, ती उभी. तापात. दहा मिनिटांच्या वर.

मागून एकाने विचारलं, "छातीवर कधी दाब आला होता?"

"रोज," ती म्हणाली.

खोलीत कुजबुज झाली. "कसा ते दाखवाल का?"

कोणीतरी वॉर्डातून चादरी आणल्या. तिने त्या टेबलावर घडी घातल्या. मला माहीत होतं काय होणार. मी म्हटलं, "ताई, राहू दे." तिने ऐकलं नाही. बाहेरगावच्या डॉक्टरांना बघायचं होतं म्हणून नव्हे. तिला स्वतःला बघायचं होतं, अजून जमतं का. उजवा हात खाली गेला. डावा अर्ध्यात थांबला. तिने दात आवळून तो पुढे ढकलला, हनुवटी टेकवली, उचललं, एक पाऊल टाकलं. चळत कलली आणि सगळी त्या डॉक्टरांच्या बुटांवर सांडली.

त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"अप्रतिम," एक म्हणाला. "हाताच्या हालचालीची मर्यादा किती स्पष्ट दिसली."

ती खाली बसली आणि चादरी गोळा करायला लागली. मी पण बसले. तिने मान वर केली नाही. टाळ्या संपेपर्यंत आम्ही त्या चादरी पुन्हा घडी केल्या, कारण तशाच टाकून उठणं आम्हाला येत नाही.

महिन्याभरात ऑपरेशन झालं. सूज उतरायच्या गोळ्या चालू राहिल्या. नडग्यांवरच्या गाठी लाल होत्या त्या जांभळ्या झाल्या, मग शेवाळी, मग गेल्या. कणकण गेली. हात हळूहळू वर यायला लागला. बाटलीत घालून पिशवी दाखवली. फाटक्या हातमोज्यासारखी, चिकट. तिने वास घेऊन बघितला. "कसलाच नाही," म्हणाली. एवढ्या त्रासाला काही वास असावा असं तिला वाटत होतं.

मोठे डॉक्टर म्हणाले, "सगळं शांत झालं की नवीन बसवण्याचा विचार करता येईल. पण तुमच्या शरीराचा स्वभाव बघता मी आग्रह करणार नाही."

"नवीन किती वर्षं टिकेल?"

"काही जणींना दहा, काहींना वीस. हमी नाही."

ती घरी आली. नणंद आली. कॅन्सर नाही हे तिला कळलं होतं, आणि ती थोडी नाराज दिसत होती. "वहिनी, बरं झालं बाई," ती म्हणाली. "कपाट मात्र आता आमच्या खोलीत बसलंय. दार काढून आत घ्यावं लागलं."

"राहू दे."

"मुकादम भेटला होता. म्हणाला, आता टेबलावर कसं..."

"वाक्य पुरं केलं का त्याने?"

"नाही."

"मग झालं."

तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा गवंडी दारात बसून थापी घासत होता. ती आत पलंगावर, घडी घातलेल्या कपड्यांच्या शेजारी. म्हणाली, "बॉयलरच्या तपासणीला लॉन्ड्री कधी बंद?"

"सोमवारपासून. आठ दिवस."

"किल्ली माझ्याकडेच आहे."

मी तिच्याकडे बघितलं. "परवानगी?"

"पायऱ्या कोणाच्याच नाहीत ना? मग विचारायचं कोणाला?"

सोमवारी आम्ही तिघं गेलो. तिला वजन उचलायला मनाई होती, म्हणून तिने फक्त सांगितलं. विटा आणि वाळू कोपऱ्यापर्यंत गाडीने आली, तिथून दारापर्यंत मी वाहिली. गवंड्याने पायऱ्या खरवडल्या, दोन्ही बाजूंना विटांची ओळ घेतली, मध्ये भराव घातला, वरून सिमेंट. उतार किती ठेवायचा यावर दोघांची वादावादी झाली. तो म्हणाला एवढा पुरे. तिने बोळात मागे जाऊन, रिकामे हात पुढे धरून, हातगाडी ढकलल्यासारखं चालून बघितलं आणि म्हणाली, "अजून लांब हवा. भरलेली गाडी तू ढकलणार नाहीस." उतार लांबला. संध्याकाळपर्यंत झाला. पुढचे सगळे दिवस मी सकाळ-संध्याकाळ त्याच्यावर पाणी मारलं, नाहीतर सिमेंट तडकतं.

लॉन्ड्री उघडली त्या दिवशी पाचला ती कोठीत गेली, हातगाडीवरच्या कुंड्या खाली उतरवल्या आणि गाडी खाली आणली. चाकं कुरकुरली. तेल घातलं. मग रोलर सुरू झाला, चादरी आल्या, चळती उभ्या राहिल्या. तिने त्या गाडीवर रचल्या आणि ढकलत नेल्या. एका खेपेत चार चळती. छातीला काही टेकलं नाही.

मुकादम सातला आला. उताराकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. "हे कोणी..." म्हणाला, आणि पहिल्यांदाच पुढचं त्याला सुचत नव्हतं म्हणून थांबला. मालक दुपारी आले, कुंड्या कुठे आहेत विचारलं, आणि दोनदा उतारावरून चढून-उतरून बघितलं. आठवड्यात दोन्ही घरमालक येऊन गेले. प्रत्येकाने उतार आपल्या हद्दीत असल्याचं सांगितलं. एकाने तर भिंतीला हात लावून म्हटलं, "मी कधीपासून म्हणत होतो."

ती पुढे सात वर्षं त्या टेबलावर राहिली. एका बाजूने सपाट, ब्लाउजमध्ये काही न भरता. मळक्या खोलीत एक दिवसही गेली नाही. निवृत्तीच्या वेळी मालकांनी दुसरा समारंभ ठेवला नाही. एकदा झालाय, म्हणाले.

उताराचा खर्च तिने आपल्या पगारातून दिला. सिमेंट, वाळू, विटा, गाडीभाडं. आणि गवंड्याची मजुरी. नणंदेने कपाळावर हात मारला. "वहिनी, घरच्या माणसाला कसली मजुरी?"

"काम केलंय त्याने," ती म्हणाली.

गवंड्याने नको म्हटलं नाही. पूर्ण दिवसाची मागितली. तिने पाऊण दिवसाची दिली. त्या सोमवारी चहा झाल्यावर तो बराच वेळ त्या निरोपाच्या खुर्चीत बसला होता. ते तिने पाहिलं होतं, आणि मी पण.